सुपारीएवढी गाठ

बेला, ११ फेब्रुवारी १९९६

बाबाराव तुले फोन लावाले एसटीडीवर गेला, लाइनीत उभा राह्यला, अन् तू त्याले म्हणला की त्या घरचं मले काही सांगू नको, मी कामात हाये. म्हणला की नाही? घरी येऊन तो माह्यासमोर खोटं बोलला, म्हणे काकू, फोन लागलाच नाही. त्याले खोटं नीट बोलता येत नाही. कानाच्या पाळ्या लाल होतात. सख्ख्या चुलतभावाची लाज त्यानं झाकाची वेळ आली, हे मले लागलं.

आता आशीर्वाद. चि. नरसिंगरावले तुही माय गयाबाई हिचा आशीर्वाद. सूनबाई वनमालेले अन् दोन्ही नातीइले आशीर्वाद. इकडं सगळं ठीक हाये असं लिहाची रीत हाये, म्हणून लिहिलं. ठीक नाही.

हे पत्र मी माह्या हातानं लिहून राह्यली. दुसरीपर्यंतची शाळा माही, तुले माहीत हाये. अक्षर मोडन, जोडून घे. दुसऱ्याले सांगून लिहून घ्याजोगी गोष्ट नाही.

तुह्या बाबाइले मागच्या उन्हाळ्यापासून लघवीचा त्रास हाये. गोठ्यामागं जात, लय वेळ उभे राहत, परत येत, अन् बसले न बसले की पुन्हा उठत. मले वाटलं उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी देल्लं, सब्जा भिजवून देल्ला, ताक देल्लं. पाऊस येऊन गेला, लोकाइचा कापूस घरी आला, तरी मी धनेच भिजवून राह्यली. अन् एक दिवस पाहते तर माणूस विहिरीवर बसून स्वतःचं धोतर धुऊन राह्यला. ज्यानं लग्न झाल्यापासून रुमाल पिळला नाही, तो धोतर धुते. तवा मले समजलं हे उन्हाळीचं काम नाही. धोतराले रक्त होतं. इचारलं तर म्हणे, पान सांडलं.

मंग त्याइनं लग्नाले जाणं सोडलं. बाजारात वांग्याच्या ढिगापाशी बसणं सोडलं, बाबारावले बसवू लागले. कंबर दुखते म्हणत, अन् मी म्हणे मिरचीचे पोते उचलले असतीन.

संक्रांतीच्या दिवशी एक थेंब सुटेना. पोट तट्ट फुगलं. माणूस भिंतीले डोकं लावून उभा, अन् तोंडातून आवाज नाही. बाबारावनं जीप केली अन् आदिलाबादले नेलं. तिथं नळी घातली तवा जीव परत आला. डॉक्टर तेलुगू बोलणारा, भला माणूस. त्यानं बोट घालून तपासलं. कुठून ते मी लिहीत नाही, तुले शिक्षण हाये. तपासून त्यानं हात धुतले. मंग मले म्हणे, अम्मा, नागपूरले घेऊन जा.

त्यानं सांगतलं ते असं. लघवीच्या पिशवीच्या बुडाशी बाप्याइले एक गाठ असते, जन्माचीच. सुपारीएवढी. तिच्यातून लघवीची नळी जाते. म्हतारपणी ती बहुतेकाइची फुगते, त्यानं घाबराचं काम नाही. फुगली तरी नरम राह्यते. पण ती दगडासारखी लागली, खडबडीत लागली, तर तिच्यात दुसरं काही असू शकते. त्या दुसऱ्याचं त्यानं नाव घेतलं नाही अन् मी इचारलं नाही.

नळी अजून तशीच हाये. तिची थैली तुहे बाबा धोतराच्या आत बांधतात अन् वरून बाजाराची पिशवी धरतात. लोकाइले वाटते अमृतराव मेथी घेऊन चालले.

मी तुले बोलावून नाही राह्यली. कळवून राह्यली.

बेला, १७ मार्च १९९६

नाव कळलं. कॅन्सर.

नागपूरले मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. मी, तुहे बाबा अन् बाबाराव. तिथं मागच्या वाटेनं सुई घालून गाठीचे तुकडे काढले. रक्त घेतलं. त्या गाठीतून रक्तात काहीतरी उतरते म्हणे, चांगल्या माणसात ते चारच्या आत असते, तुह्या बाबाइचा आकडा शेकड्यात निघाला. मंग हाडाचा फोटो काढला. कंबरेत अन् मणक्यात काळे ठिपके. पोत्यानं दुखत नव्हतं ते.

डॉक्टरीण तरुण हाये, पण बोलते सरळ. मले म्हणे, आजी, गाठ कापून काढाची वेळ गेली, ती हाडात उतरली. पण ही गाठ बाप्याच्या रसावर जगते. तो रस बंद केला की ती उपाशी पडते, सुकते. मी म्हणलं, मरते का? म्हणे, मरत नाही, सुकते, काही वर्षं मिळू शकतात. मी म्हणलं, तो रस होते कुठं? तिनं तुह्या बाबाइकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. म्हणे, खालच्या दोन गोळ्यात, ते दोन्ही काढून टाकाचे.

दुसरी वाट सुईची हाये. महिन्या-महिन्याले घ्याची, मरेपर्यंत. ती आपल्या कुवतीतली नाही. गोळी हाये, पण तिनं छाती बाईसारखी फुगते अन् हृदयाले धोका. मी इचारलं, काहीच नाही केलं तर? म्हणे, मणक्याचं हाड दबलं की पाय जातीन, अन् गेलेले पाय बहुतेक परत येत नाहीत. उशीर करू नका.

तुहे बाबा उठले, टोपी घातली अन् बाहेर चालले.

बसमधी खिडकीपाशी बसले. पैनगंगेचा पूल आला तवा म्हणे, 'अवं, मले गोऱ्ह्यासारखं बडवाले काढलं.'

मी म्हणलं, 'हळू बोला, मागं पाटणबोरीचा माणूस बसला हाये.'

म्हणे, 'मी किती गोऱ्हे धरले बडवताना. मान मांडीखाली घेऊन बसलो. त्याइचे डोळे मले दिसतात. मी तसा होऊन जगणार नाही.'

आता मी ती गोष्ट काढते, जी आपल्या घरात कोणी काढत नाही. दोन पोरी झाल्यावर तू नसबंदीच्या कॅम्पले गेला. त्या वर्षी पोळ्याले तू बायको-पोरी घेऊन आला होता. तोरणाखाली बैल उभे, गाव उभं, मानाची जोडी आपली. अन् तुह्या बाबाइनं तुह्याकडं बोट करून म्हणलं, 'यंदा आमच्या घरचा एक बडवलेला बैल जास्ती हाये, त्यालेही ओवाळा.' गाव हसलं. सूनबाई पोरीइले घेऊन तिथंच उभी होती. संध्याकाळच्या बसनं तुमी गेले, अन् मंग तू पोळाही पाह्यला नाही अन् आमालेही नाही. मी तवा घरी पुरणाच्या चुलीपाशी होती. तिथं असती तर काय केलं असतं, ते इचारू नको.

आपल्याकडं सगळ्याइले हेच वाटते की नसबंदी म्हणजे बडवणं. मलेही तेच वाटे. म्हणून मी डॉक्टरणीले मुद्दाम इचारून घेतलं. म्हणे, नाही आजी, नसबंदीत नुसती नळी बांधतात, रस तसाच राह्यते, माणूस जसाच्या तसा. म्हणजे तू कधी बडवलेला नव्हताच. अन् ज्यानं तुले तसं म्हणलं, त्यालेच आता खरोखर करून घ्याचं हाये. देव हाये का नाही मले माहीत नाही. असला तर त्याले दुसरा धंदा नाही.

तू ये. रडाले नको अन् माफ करालेही नको. त्या जागी चाकू लागलेला अन् बायको-पोरात नीट राहणारा बाप्या माह्या ओळखीत तूच एक हाये. त्याइच्यासमोर बस, चहा पी, अन् सांग की दुखते किती, टाके कधी सुटतात, घरी आल्यावर लोकाइच्या तोंडाकडं कसं पाहाचं. माहं ते ऐकत नाहीत. म्हणतात, तुले काय समजते. पायाची मुदत किती ते डॉक्टरणीलेही माहीत नाही.

बेला, २ मे १९९६

तुहं इनलँड आलं. बाबांना हैदराबादला पाठवा, ओळखीचे डॉक्टर आहेत, भरती करून देतो. पाठवा म्हणजे? ते काय मिरचीचं पोतं हायेत, ट्रकमधी टाकून पाठवाले? अन् ज्या दारात त्याइले कोणी बोलावलं नाही, तिथं ते या हालतीत येतीन, असं तुले वाटते? त्याइचं नाक तुह्यासारखंच हाये. तुले ते त्याइच्यापासूनच भेटलं.

रामनवमीच्या आसपास त्याइचा डावा पाय सुन्न व्हायले लागला. चप्पल निसटून आंगणात राहे अन् ते तसेच घरात येत, त्याइले कळेना. मी चप्पल उचलून त्याइच्यासमोर ठेवली अन् म्हणलं, आता बोला.

म्हणे, 'काय बोलू.'

मी म्हणलं, 'माही गर्भाची पिशवी काढली तवा तुमी काय इचारलं होतं, आठवते?'

'काय?'

'इचारलं होतं, भाकरी कोण थापन.'

त्याइनं चप्पल हातानं बाजूले सारली.

मी म्हणलं, 'माहं बाईपण डॉक्टरनं बादलीत टाकलं, अन् टाके सुकले नाहीत तर मी मिरच्या तोडत होती. मले कोणी काही म्हणलं नाही. तुमचं एवढंसं काढाचं तर तुमी मराले तयार.'

म्हणे, 'बाईचं अलग असते.'

'काऊन अलग?'

ते उठाले लागले. मंग मी म्हणलं, 'अन् बैलाचंच म्हणाल तर आपल्या दावणीले जे जन्मभर राह्यले ते बडवलेलेच. तुमीच त्याइले हातानं सरकी चारता.'

तुहे बाबा म्हणे, 'त्याइले कोणी इचारलं होतं का?'

नरसिंगा, जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं मले गप केलं. मी चप्पल झटकून दारापाशी ठेवली. मंग म्हणलं, 'तुमाले इचारून राह्यले. हो म्हणा.'

सकाळी गोठ्यातून आले अन् म्हणे, बाबारावले सांग, मंगळवारची बस.

दवाखान्यात मंजुरीचा कागद समोर आला. निजामाच्या काळी शिकलेला माणूस, दस्तखत उर्दूत केली. तिथल्या बाबूनं कागद उलटसुलट पाह्यला अन् म्हणे, बाबा, अंगठा द्या. तुहे बाबा म्हणे, 'ही माही दस्तखत हाये. तुले वाचता येत नसन तर तू अंगठा दे.' बाबाराव हसला. मीही हसली असन. त्या दवाखान्यात तेवढंच.

कंबरेत सुई देऊन खालचं अंग सुन्न केलं. माही चटणी-भाकर खाऊन होईस्तोवर त्याइले बाहेर आणलं, एवढंसं काम. त्याइनं छताकडं पाह्यलं, माह्याकडं नाही. पण टाके सुटाच्या आधीच पाठीचं दुखणं उतरलं, हे खरं हाये. पुढं नळीही निघाली. डावा पाय पुरा आला नाही. काठी घेऊन चालतात.

काढाच्या आधी तू आला असता तर पाय वाचला असता का, हे मी इचारत नाही. तू डॉक्टर नाही.

बेला, २० सप्टेंबर १९९६

तुह्या बाबाइले घाम फुटते. बसल्या जागी तोंड लाल होते, सदरा ओला होते, मंग हुडहुडी भरते. पहिल्या वेळी घाबरले, म्हणे अवं, जीव चालला. मी म्हणलं, नाही चालला. रस बंद झाला की असंच होते, डॉक्टरणीनं सांगतलं होतं, अन् तिच्या आधी मले माह्या अंगानं सांगतलं होतं. मले हे पाच वर्षं होत होतं. ओला पंचा मानेवर ठेवून देते. दोघं ओसरीवर बसतो.

म्हणे, 'तुले असंच होत होतं?'

'असंच.'

'बोलली नाही.'

'बोलली होती. तुमी म्हणले, चुलीपाशी कमी बस.'

अंग सुटलं. दंडाचं मांस गेलं अन् पोट आलं. चिडत नाहीत आता. ते मले पटत नाही. भांडण कराले घरात माणूस पाहिजे.

पोळ्याले यंदा जोडी बाबारावनं नेली. बाबाइनं शिंगं रंगवली, झूल बांधली, अन् दारातून परत फिरले. बाबारावनं गावात तोंड उघडलं नसन, पण नागपूरच्या दवाखान्यात बेल्याचे दुसरेही लोक जातात. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात दौलत सगळ्यासमोर म्हणला, 'काय अमृतराव, यंदा तोरणाखाली नाही दिसले? मालकानं दावणीलेच बांधून ठेवलं का?' बाकडं भरून लोक हसले. हेच लोक तुह्या वेळी हसले होते, मेले ते सोडून.

तुह्या बाबाइनं चहा पुरा पिला, बशी पुसून ठेवली अन् घरी आले. मले म्हणे, 'एवढं लागते हे मले माहीत नव्हतं.'

मी म्हणलं, 'तुमाले लागलं?'

म्हणे, 'नरसिंगले.'

हे मी जसंच्या तसं लिहिलं. माह्याकडून एक मात्राही जास्ती नाही. याचं काय कराचं ते तू पाह्य.

बेला, १९ डिसेंबर १९९७

आकडा पुन्हा चढला. ऑपरेशननंतर पार खाली आला होता, वर्षभर खालीच होता. आता महिन्या-महिन्याले वाढते. डॉक्टरीण म्हणे, गाठीनं रसाबिगर जगाची सवय करून घेतली. आपण तिले उपाशी ठेवलं, अन् ती उपास शिकली.

माकडहाडापासून मानेपर्यंत दुखते. नागपूरले नेऊन किरणांचा शेक देल्ला. त्यानं दुखणं कमी होते, गाठ कमी होत नाही, हे तिनं पहिलंच सांगतलं. आता जे काही कराचं ते दुखण्यापुरतं. गोळी असते तोवर झोपतात. उतरली की दात खातात, पण आवाज काढत नाहीत. दोन्ही पाय गेले. कूस मी बदलते. हलके झाले, मले एकटीले जमते.

सूनबाईचं पत्र आलं की पोरीइच्या परीक्षा झाल्यावर सगळे येऊ. परीक्षा एप्रिलात हायेत. तुह्या बाबाइचं तोवर जमन असं मले वाटत नाही. याचं असन तर आता ये. एकटा ये.

बेला, ६ मार्च १९९८

तू आला तवा तिरडी बांधून झाली होती. तू सगळं नीट केलं. डोकं भादरलं, मडकं धरलं, तेरवीपर्यंत चटईवर झोपला, आल्यागेल्याशी बोलला. कावळा लवकर शिवला तवा लोक म्हणे, म्हतारा समाधानानं गेला. लोकाइले कावळ्याचं लय समजते. मंग तू मले इचारलं, बाबा शेवटी काही बोलले का? अन् मी म्हणलं, नाही. शेवटी ते खरंच काही बोलले नाहीत. शेवटी पाणीही मागता येत नव्हतं.

बोलले ते आधी. नागपूरले शेक द्याले नेलं तवा. दवाखान्यात इचाराचं काम नेहमी माहं, ते आढ्याकडं पाहत पडून राहत. त्या दिवशी डॉक्टरीण तपासून चालली, अन् त्याइनं स्ट्रेचरच्या गाडीवरून हात काढून तिचा कोट धरला. म्हणे, 'बाई, हे माह्या पोराले होईन का?'

ती थांबली. म्हणे, होईलच असं नाही बाबा. पण बापाले झालं की पोराले धोका दुसऱ्यापेक्षा जास्ती. पंचेचाळीस लागले की रक्त तपासावं, बोटानंही तपासून घ्यावं, लाजू नये. गाठीतल्या गाठीत सापडलं तर काढून टाकता येते, तुमच्यासारखं हाडात जाऊ देत नाही.

तुहे बाबा म्हणे, 'त्याची नसबंदी झाली हाये. त्यानं वाढते का?'

ती म्हणे, नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मंग त्याइनं कोट सोडला. मले म्हणे, लिही त्याले.

डिसेंबरात मी तुले पत्र लिहिलं त्याच्या आधीची ही गोष्ट हाये. मी लिहिली नाही. हे वाचून तू आला असता, अन् मले पाहाचं होतं की तू तसाच येते का. तू आला नाही. आता लिहून राह्यली, कारण त्याइनं सांगतलं होतं, अन् ते काम माह्या अंगावर ठेवून मले मराचं नाही.

या वैशाखात तुले पंचेचाळीस लागतात. रक्त दे. डॉक्टरले सांग, माहा बाप यानंच गेला. आतून तपासतो म्हणला तर भिंतीकडं तोंड कर अन् तपासू दे, एवढ्यानं कोणाचं काही जात नाही. मले काही त्रास नाही, असं म्हणून टाळू नको. त्रास व्हायले लागते तवा ती हाडात असते, तुह्या बाबाइची होती. अन् दर वर्षी तपास, एकदा करून विसरू नको.

तू उत्तर लिहाचं नाही. तू लिहशीन की तपासलं, अन् तपासलं नसन. वनमालेनं तुह्यासंगं दवाखान्यात जावं, डॉक्टरच्या तोंडून ऐकावं, अन् आकडा किती आला तो तिनं तिच्या अक्षरात मले लिहावा. दुसऱ्या कोणाचं उत्तर मले नको.